कानसेनांची बखर

संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गवयांच्या वंशावळी जुळविल्या, घराण्यांच्या शाखोपशाखा दाखविल्या, रागांची आणि तालांची लक्षणे सांगितली, संस्थानिकांनी दिलेल्या इनामांचे व बिदाग्यांचे हिशेबही जुनी दप्तरे चाळून बाहेर काढले; परंतु ज्याच्या कानांसाठी हा सारा व्यवहार चालला होता त्या श्रोत्याच्या नावाचे स्वतंत्र खाते कोणत्याही दप्तरात कोणी उघडले नाही. तो आला, बैठकीवर बसला, रंगला किंवा कंटाळून मध्येच उठला, घरी जाताना सोबत्याशी तावातावाने वाद घालीत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत किंवा पेढीवर आपल्या कामाला लागला. गवई आपल्यामागे शिष्य ठेवतो, चिजा ठेवतो, पुढच्या काळात तर प्रत्यक्ष आवाजही ठेवू लागला. श्रोत्याच्या मागे काहीच उरत नाही. तथापि सन १८८० नंतर महाराष्ट्रातील संगीताला जे वळण लागले, त्याचे श्रेय जितके गाणाऱ्यांचे तितकेच तिकीट काढून येणाऱ्या, नव्या तबकडीची वाट पाहणाऱ्या आणि ती ऐकून झाल्यावर आपले मत ठणकावून सांगणाऱ्या या निनावी माणसाचे आहे, अशी माझी धारणा आहे. आणि म्हणून त्याची थोडीशी बखर लिहावी असे मनात आले.

त्याच्या जन्मापूर्वी श्रोता म्हणजे मालक होता. दरबारात गाणाऱ्याला तनखा होता, हुद्दा होता, हजेरी होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत तर गवई, वाजंत्री, नर्तकी यांची सर्व व्यवस्था पाहणारा ‘कलावंत कारखाना’ हे एक रीतसर खाते होते आणि त्याचे कायदेकानू छापलेले होते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १८९५ साली अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, ही गोष्ट पुढे महाराष्ट्राच्या गायकीला केवढी फलदायी ठरली हे सर्वश्रुत आहे. अशा आश्रयात गाणे वाढले, पोसले गेले, याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. पण तेथे ऐकणाराची पसंती हा हुकूम असे, आणि हुकमाला कारणे द्यावी लागत नाहीत. कारणे देणारा श्रोता शहरांत निपजला. मुंबईस कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० साली पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली, पुण्यास १८७४ साली गायन समाज स्थापन झाला, आणि वकील, शिक्षक, कारकून, व्यापारी अशी मंडळी वर्गणी भरून गाणे ऐकू लागली. वर्गणी भरणारास मालकी मिळत नाही, परंतु बोलण्याचा अधिकार मिळतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पुढे तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि प्रतिष्ठित घरांतल्या माणसांना उजळ माथ्याने गाणे ऐकायला आणून बसविले, तेव्हा हा अधिकार सर्वसामान्यांच्या हाती आला.

मात्र या नव्या श्रोत्याची खरी शाळा जलशात भरली नाही, ती नाटकगृहात भरली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले, आणि ज्याला रागाचे नावही ठाऊक नाही अशा माणसाच्या तोंडी रागातली पदे खेळू लागली. पदांची छोटी पुस्तके नाटकाच्या जागी विकत मिळत. ती घेऊन बसलेला प्रेक्षक अंधुक उजेडात ओळीवर बोट ठेवून ऐके आणि घरी नेऊन तीच पदे आपल्या बेताच्या आवाजात म्हणून पाही. भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने वेडे झालेले लोक एकच नाटक पुनःपुन्हा पाहत, ते कथानकासाठी खचित नव्हे. शकुंतला सासरी जाणार आणि सुभद्रा अर्जुनाला मिळणार हे सर्वांना ठाऊकच असे. आज तेच पद कसे लागते, कोणती जागा नवी निघते, हे ठाऊक नसे, आणि त्या न ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी माणसे दूरदूरच्या गावांहून बैलगाड्या जुंपून येत.

‘वन्समोअर’ची प्रथा याच जिज्ञासेतून वाढली. नाट्यदृष्ट्या ती घातक होती हे टीकाकारांनी तेव्हाच सांगितले, आणि ते खरेही आहे. विरहाने व्याकूळ झालेल्या नायिकेने तेच दुःख तीन-तीन, चार-चार वेळा गावे आणि नाटक पहाटेपर्यंत लांबावे, यात रसभंग आहेच. पण संगीताच्या बाजूने पाहिले म्हणजे ‘वन्समोअर’ ही एक विलक्षण परीक्षा होती. पहिल्यांदा जसे गायिले तसेच दुसऱ्यांदा गाणारास लोक लवकर ओळखीत. बालगंधर्व या परीक्षेत वर्षानुवर्षे उत्तीर्ण होत राहिले. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आला, १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांच्या चालींवर त्याने भामिनी उभी केली, १९१६ साली ‘स्वयंवर’ आले तेव्हा भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयाने मैफलीतल्या बंदिशींवर पदे बांधून दिली आणि बैठकीतली ख्यालगायकी नाटकाच्या पिटापर्यंत येऊन पोचली. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि पुढे अहमदजान तिरखवाँचा तबला. पिटात बसलेल्या माणसाला हे सर्व वैभव एका तिकिटात मिळत असे, आणि ते मिळत असल्यामुळेच त्याचा कान इतका हिशेबी झाला, की पदाच्या दुसऱ्या आवर्तनात रुक्मिणी समेवर कोणत्या वाटेने येते याकडे तो टक लावून बसे, आणि ती वाट नवी निघाली की त्याच्या तोंडून जो उद्गार बाहेर पडे तो आजूबाजूच्या शंभर जणांच्या तोंडून त्याच क्षणी पडलेला असे.

पक्षही पडले. बालगंधर्वांचे भक्त निराळे, केशवराव भोसल्यांचे निराळे; पुढे दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक, चमत्कृतिपूर्ण गाण्यावर प्राण टाकणारे आणखी निराळे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी संयुक्त ‘मानापमाना’चा प्रयोग झाला, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, तेव्हा दोन्ही पक्षांचे लोक एकाच छताखाली बसले, आणि त्या रात्री कोण सरस ठरले हा वाद त्या पिढीने आयुष्यभर चालविला. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच वारले, त्यामुळे फेरतपासणीची सोयच उरली नाही. मला हा वाद निरर्थक वाटत नाही. आपल्या आवडीचे समर्थन करावयाचे म्हणजे आवाजाचा पल्ला, तानेचा दाणा, शब्दाचा उच्चार, लयीची पकड यांविषयी बोलणे भाग पडते. आणि हे बोलता-बोलता ज्यांनी गुरूसमोर बसून कधी ‘सा’ लावला नाही अशा हजारो माणसांना संगीताची परिभाषा अवगत झाली.

याच सुमारास तबकडी आली. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गायसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास उतरला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात गौहरजानचे गाणे त्याने मुद्रित केले. मुद्रणाचे साचे तेव्हा जर्मनीत हानोव्हरला जात आणि तबकड्या तेथून तयार होऊन येत. परदेशी कारागिरांना गाणाराची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या अखेरीस कलावंताने स्वतःचे नाव मोठ्याने सांगावे असा रिवाज पडला. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाल्यावर हा वळसा संपला. भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत वारले होते. केवळ एक-दोन वर्षांचे अंतर. तेवढ्याने त्यांचा आवाज कायमचा गेला आणि आपल्या हाती फक्त ऐकणारांची वर्णने राहिली. हे मनात आले की मला आजही हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

तबकडी वाजविणे हा त्या काळी एक संस्कारच होता. पेटीची चावी फिरवून कमान भरावयाची, पोलादी पिन बदलावयाची, कारण बोथट पिनेने लाखेच्या तबकडीची रेघ खराब होते, तबकडीवरची धूळ मऊ फडक्याने पुसावयाची, आणि कर्ण्यासमोर घरातली, शेजारची, वाटेने जाणारी अशी सारी मंडळी जमली की पिन अलगद टेकवावयाची. आधी खरखर, मग एकाएकी आवाज. तीन, फार तर साडेतीन मिनिटे, की बाजू संपली. कमान उतरत चालली असेल तर शेवटच्या तानेबरोबर स्वरही खाली घसरे आणि कोणीतरी धावत जाऊन चावी फिरवी. विद्युत् ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आले. तत्पूर्वी गवयाला कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गावे लागे आणि तंबोऱ्याचा नाद तर जवळजवळ उमटतच नसे. अशा त्या अपुऱ्या, कोंदट आवाजातून मूळ गाणे ओळखण्यासाठी श्रोत्याला आपल्या स्मृतीची भर घालावी लागे. ज्याने बालगंधर्वांना नाटकात ऐकले होते तो तबकडीतल्या तीन मिनिटांत सबंध रात्र ऐके. ज्याने ऐकले नव्हते तो प्रत्यक्ष ऐकण्यासाठी तळमळू लागे.

या तीन मिनिटांनी गाण्याचे नुकसान केले, असा आक्षेप जुन्या गवयांनी घेतला होता. अल्लादियाखाँसाहेबांनी आपला आवाज तबकडीवर उतरू दिलाच नाही, आणि भास्करबुवांचेही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. तासभर उलगडणारा राग तीन मिनिटांत कोंबावयाचा म्हणजे आलापीला चाट, विस्ताराला चाट, उरते ती चीज आणि दोन-चार ताना. हा आक्षेप मला मान्य आहे. तरीदेखील अब्दुल करीमखाँसाहेबांच्या तबकड्या ऐकल्यावर तो आक्षेप पुरता टिकत नाही, कारण तेवढ्या वेळात त्यांनी मुळात लहान आकाराचे पण संपूर्ण असे गाणे रचले. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी गदगेतल्या एका दुकानात वाजत होती आणि शाळेत जाणारा एक मुलगा ती ऐकत उभा राहिला. असे आपल्याला गाता आले पाहिजे, या एकाच ध्यासाने तो १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर अशी वणवण करून अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे कुंदगोळला पोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. नव्या तबकडीवर श्रोत्याने दिलेली इतकी उत्कट प्रतिक्रिया आपल्या संगीताच्या इतिहासात दुसरी दाखविता येणार नाही.

जवळजवळ त्याच काळात बेळगावकडचा आणखी एक मुलगा तबकड्या ऐकून थोर गवयांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवीत गावोगाव फिरत होता. लोक थक्क होत, बक्षिसे देत, आणि त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हणत. मुंबईस प्रो. बा. र. देवधरांच्या विद्यालयात तो शिकू लागल्यावर त्याची ती अनुकृती हळूहळू गळून पडली. परंतु श्रवणशक्तीचे जे अफाट भांडवल त्याने कर्ण्यासमोर बसून जमविले होते ते कोठे गेले नाही, हे पुढे सिद्ध झालेच.

ऐकलेल्या गाण्याविषयी लिहिण्याचा धंदा मात्र मागे राहिला होता. वर्तमानपत्रांत जलशाची बातमी येई ती ‘गाणे फार बहारीचे झाले, श्रोतृसमुदाय तल्लीन झाला’ एवढ्यावर संपे. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने ‘वसुंधरा’ साप्ताहिकात गायकांवर लेख लिहावयास प्रारंभ केला तेव्हा मराठीत प्रथमच एक जाणता श्रोता मैफलीतून उठून सरळ लेखणी घेऊन बसला. आवाज कसा लावला आहे, स्वर नाकातून येतो की छातीतून, राग मांडताना कोणता स्वर धरून ठेवला, कोठे पुनरुक्ती झाली, कोठे रंग भरला, हे सर्व तो निर्भीडपणे सांगे, आणि ज्यांच्यावर मनापासून प्रेम आहे त्यांचेही दोष झाकीत नसे. त्या लेखांचे पुढे ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे पुस्तक झाले. गोविंदराव टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिला तो कलावंताच्या आणि श्रोत्याच्या दोन्ही भूमिकांतून. भास्करबुवांची किंवा अल्लादियाखाँची मैफल कशी असे हे आज आपल्याला जे थोडेबहुत कळते ते अशाच लेखणींमुळे. जेथे तबकडी नाही तेथे श्रोत्याची साक्ष हाच एकमेव पुरावा, आणि तो पुरावा विश्वसनीय ठरतो तो साक्षीदाराच्या परखडपणामुळे.

बोलपटांनी नाटकमंडळ्यांचा घास घेतला, हा इतिहास परिचित आहे. त्याच दशकात भावगीत जन्माला आले, गो. ना. जोश्यांनी ना. घ. देशपांड्यांची कविता तबकडीवर गायिली आणि कवितेला एक नवाच श्रोतृवर्ग लाभला. गजानन वाटव्यांसाठी गणेशोत्सवात रस्ते भरून माणसे उभी राहू लागली. या गर्दीला अभिजात संगीतवाले नाके मुरडीत, ते अन्यायाचे होते. ज्या गिरगावात रात्री दहा वाजता भावगीत ऐकणारा तरुण होता, तोच पुढच्या आठवड्यात लक्ष्मीबागेतल्या ख्यालाच्या बैठकीत मागल्या रांगेत येऊन बसे.

मग रेडिओ. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, गदिमा आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रक्षेपित झाले. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत आणि शनिवारी-रविवारी त्याची पुनरावृत्ती, असा क्रम वर्षाहून अधिक काळ, छप्पन्न गीते पुरी होईपर्यंत अखंड चालला. नव्या गाण्याची प्रतीक्षा एवढ्या मोठ्या समाजाने एकाच वेळी, एकाच घटकेला करावी, हे त्यापूर्वी महाराष्ट्रात घडले नव्हते. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकावयास बसत असे त्या पिढीतील माणसे सांगतात. पण केवळ भक्तिभाव म्हणून याची बोळवण करणे योग्य नाही. निरनिराळी गीते निरनिराळे गायक गात. आज चाल कोणत्या रागावर बांधली आहे, माणिक वर्मांनी ते शब्द कसे टाकले, मागच्या शुक्रवारचे अधिक चांगले होते की नाही, यावर दिवसभर कचेऱ्यांत चर्चा चाले. नाटकाच्या पिटात ज्यांचे आजे बसले होते त्यांच्याच घरांतून ही चर्चा निघत होती. पुढे फडके एकटेच सर्व गीते मंचावर गाऊ लागले, तेव्हा रेडिओवरचे मूळ आवाज कानांत साठवलेल्या श्रोत्यांनी पुन्हा एकवार तुलना केली, आणि बहुसंख्यांनी त्या एका आवाजाला स्वीकारले.

सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले आणि दुसऱ्याच वर्षापासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला. गदगेच्या दुकानासमोरचा मुलगा आता त्याचा यजमान होता. तीन-तीन रात्री थंडीत, घोंगड्या आणि चटया घेऊन, हजारो माणसे उघड्या पटांगणावर बसत. पहाटेचे राग पहाटेस ऐकावयास मिळत, ही त्या महोत्सवाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. ललत किंवा तोडी तबकडीवर संध्याकाळीही वाजविता येते, आणि तशी सवय झालेल्या श्रोत्याला रात्रभर जागल्यानंतर उजाडताना लागलेला तो कोमल ऋषभ काय सांगतो हे प्रत्यक्ष बसल्यावाचून उमगत नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आल्यापासून ही पहाट बहुतांशी गेली. नियम लोकहिताचा असेल, परंतु त्याने रागांच्या एका सबंध प्रहराला श्रोत्यांपासून तोडले, याची खंत व्यक्त केलीच पाहिजे.

दरम्यान दीर्घ तबकडी आली होती. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, राग पुष्कळसा मावू लागला, आणि किशोरी आमोणकरांचा भूप किंवा भीमसेनांची एखादी बंदिश घराघरांतून तोंडपाठ झाली. याने श्रोता बिघडला असे म्हणणारे आहेत: तबकडीत जे आहे तेच, तसेच, त्याला मंचावर हवे असते, अशी त्यांची तक्रार. फर्माईश करणारांत असे लोक असतात, नाही असे नाही. परंतु माझा अनुभव असा, की ज्याने तबकडी खरोखर शंभरदा ऐकली आहे त्याच्याच कानाला मैफलीतील नवी जागा नवी म्हणून ओळखू येते. ज्याला जुने पाठ नाही त्याला नवे कळण्याचा मार्ग नाही. वामनराव देशपांड्यांनी १९६१ साली ‘घरंदाज गायकी’ लिहून घराण्याघराण्यांतील स्वर व लय यांच्या प्रमाणाची जी मीमांसा केली, ती हिशेबतपासनिसाचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाने आयुष्यभर ऐकून-ऐकून, तुलना करून सिद्ध केलेली मीमांसा आहे.

आणि कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला तेव्हा तर गायक आणि श्रोता यांमधले अंतरच नाहीसे झाले. ज्यांनी लहानपणी तबकड्यांची नक्कल करून टाळ्या मिळविल्या होत्या त्यांनी आता बालगंधर्वांची पदे घेतली आणि नक्कल कटाक्षाने टाळली. ते गाणे आपल्याला कसे ऐकू आले, त्यातल्या कोणत्या जागेपाशी आपण थांबलो, हे त्यांनी गाऊनच दाखविले. बालगंधर्वांचे जुने भक्त यावर दुखावले. ‘हे नारायणरावांचे नव्हे’ असे त्यांचे म्हणणे होते, आणि शब्दशः ते बरोबरच होते, कारण कार्यक्रमाच्या नावातच ते सांगितलेले होते. तरुणांनी मात्र तो कार्यक्रम ऐकून घरच्या जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या पुन्हा बाहेर काढल्या, पिना शोधून आणल्या, आणि मूळ पद व कुमारांचे पद एकापाठोपाठ लावून वाद सुरू केला. ‘स्वयंवरा’नंतर अर्धशतक लोटले तरी तो वाद रुक्मिणीच्याच पदांवरून होत होता, आणि त्यात भाग घेणाऱ्या पुष्कळांनी बालगंधर्वांना रंगभूमीवर कधी पाहिलेले नव्हते.